कुस्तीचं बिऱ्हाड: ॲन्टेनावर की केबलवर?

१३ सप्टेंबर २०२४ च्या शुक्रवारी ‘स्मॅकडाउन’ने अमेरिकेत बिऱ्हाड हलवलं. आधीची पाच वर्षं हा कुस्तीचा कार्यक्रम फॉक्सवर लागायचा. फॉक्स म्हणजे खिडकीत ॲन्टेना ठेवला की फुकट दिसणारं चॅनेल. नवी जागा मिळाली यूएसए नेटवर्कवर, आणि ते केबलचे किंवा डिशचे पैसे भरणाऱ्यालाच दिसतं. तेव्हा अमेरिकेत टीव्ही असलेली घरं होती सुमारे साडेबारा कोटी, आणि यूएसए नेटवर्क पोचत होतं त्यातल्या सात कोटींच्या आसपास. प्रेक्षक घटणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं, आणि ते घटलेही. पैसे मात्र वाढले. फॉक्स वर्षाला साधारण साडेवीस कोटी डॉलर देत होतं. नव्या कराराचा आकडा छापून आला तो पाच वर्षांचे १४० कोटी, म्हणजे वर्षाला २८ कोटी डॉलर.

गर्दी जास्त तिथे गल्ला जास्त, हे आपण जत्रेपासून शिकलेलो. मग जवळजवळ निम्म्या गावाला दिसणारच नाही अशा जागी तंबू ठोकायला कुणी जास्त पैसे का मोजावेत?

पुढे जाण्याआधी एक खुलासा. ही लाल मातीतली कुस्ती नव्हे. कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. आपण त्याला नुरा कुस्ती म्हणतो, तेही नाक मुरडून. तिकडे हा उजळ माथ्याने चालणारा धंदा आहे: थोडा सर्कशीसारखा, थोडा रोजच्या मालिकेसारखा. त्यातली सगळ्यात मोठी कंपनी म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई; ‘स्मॅकडाउन’ तिचाच कार्यक्रम. २००२ मध्ये नाव बदलूनही आपल्याकडे पस्तिशीपुढची पिढी तिला डब्ल्यूडब्ल्यूएफच म्हणते, कारण शाळेत दप्तराखाली लपवून खेळलेल्या पत्त्यांवर तेच छापलेलं होतं.

फुकटचं घर

एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स, सीडब्ल्यू ही अमेरिकेतली फुकटची चॅनेलं. त्यांना ‘नेटवर्क’ म्हणतात (यूएसए नेटवर्कच्या नावात तो शब्द असला तरी ते केबलचंच चॅनेल) आणि सगळी गोम त्या शब्दात आहे. दूरदर्शनवर वाढलेल्या माणसाला ही रचना चटकन उमगत नाही. आपल्याकडे मनोरे सरकारचे, केंद्रं सरकारची आणि दिल्लीच्या बातम्या देशभर एकच. तिकडे गावोगावच्या केंद्रांचे मालक वेगवेगळे. समजा, कोल्हापूरचं टीव्ही केंद्र एका साखर कारखानदाराचं आहे, नागपूरचं एका संत्र्याच्या व्यापाऱ्याचं, आणि संध्याकाळी ठरलेले दोन-तीन तास दोघंही मुंबईच्या एकाच कंपनीचे कार्यक्रम लावतात. ती मुंबईची कंपनी म्हणजे नेटवर्क. मोठ्या शहरांतली काही केंद्रं नेटवर्कच्या स्वतःच्या मालकीची असतात, बाकी सगळा करारावरचा संसार.

कुस्तीला याचा थेट फटका बसतो. संत्र्याच्या व्यापाऱ्याला त्या रात्री स्थानिक संघाची बेसबॉलची मॅच दाखवायची असेल, तर तो कुस्ती पुढे ढकलू शकतो, मध्यरात्रीनंतर लावू शकतो. केंद्राचं लायसन एफसीसी या सरकारी आयोगाकडून मिळतं, कारण हवेतल्या लहरी जनतेच्या मालकीच्या मानल्या जातात. म्हणून सकाळी सहा ते रात्री दहा या वेळात अश्लीलतेचे नियम कडक. केबलवर हे नियम लागू होत नाहीत. तिथे चॅनेल आणि जाहिरातदार काय चालवून घेतात तेवढीच मर्यादा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सोमवारी केबलवर चालणारी ‘रॉ’ जेवढी बेताल होती, तेवढी गुरुवारी फुकटच्या चॅनेलवर येणारी ‘स्मॅकडाउन’ नव्हती. कंपनी तीच, मल्ल तेच.

अशा चॅनेलचं उत्पन्न परंपरेने एकच, ते म्हणजे जाहिरात. जितके डोळे तितका दर. पण सगळे डोळे सारख्या किमतीचे धरत नाहीत, आणि कुस्तीचं दुखणं इथून सुरू होतं. जाहिरातदारांच्या मनात कुस्तीचा प्रेक्षक म्हणजे खिशाने हलका, अशी समजूत पक्की बसलेली. गाड्या आणि विमे विकणाऱ्या कंपन्या तिकडे फिरकायला कचरायच्या. त्यामुळे तेवढेच प्रेक्षक असलेल्या एखाद्या मालिकेपेक्षा कुस्तीच्या मधल्या जाहिराती स्वस्तात जायच्या. १९९९ मध्ये ‘स्मॅकडाउन’च्या विरोधात पालकांच्या एका संघटनेने मोहीम उघडली तेव्हा कोका-कोलानेही जाहिराती काढून घेतल्या. कुस्ती कंपनी त्या संघटनेविरुद्ध कोर्टात गेली आणि २००२ मध्ये पस्तीस लाख डॉलर आणि जाहीर माफी पदरात पाडून घेतली. पण जाहिरातदाराच्या मनातली अढी कोर्टाच्या कागदाने जात नाही.

केबलचे दोन नळ

केबलच्या चॅनेलला मनोरा नसतो. त्याचं चित्र उपग्रहावरून केबल कंपनीकडे येतं आणि तिथून तारेने घरी. इथे उत्पन्नाचे नळ दोन. पहिला जाहिरातीचा. दुसरा, आणि बऱ्याचदा अधिक मोठा, म्हणजे घरटी पैसे. चॅनेल जितक्या घरांत पोचतं, तितक्या घरांमागे केबल कंपनी त्याला दरमहा ठरलेली रक्कम देते. ते चॅनेल कुणी पाहिलं की नाही, याच्याशी काही संबंध नाही.

आकड्यात मांडू. समजा एका चॅनेलला घरामागे महिन्याला एक डॉलर मिळतो आणि ते सात कोटी घरांत जातं. महिन्याचे सात कोटी, वर्षाचे चौऱ्याऐंशी कोटी डॉलर, तेही एकही जाहिरात लावण्याआधी. त्या सात कोटींत कुस्ती बघणारी घरं पंधरा-वीस लाख. बाकीची साडेसहा कोटींहून अधिक घरं पैसे भरतात आणि ते चॅनेल कधी लावतही नाहीत. स्वयंपाकाचे कार्यक्रम बघणाऱ्या एखाद्या आजीबाई अंडरटेकर नावाच्या मल्लाच्या मानधनाला महिन्याकाठी हातभार लावत होत्या आणि त्यांना पत्ताही नव्हता.

आपल्याकडेही बरीच वर्षं असंच होतं. केबलवाला पहिल्या तारखेला दारात यायचा, एकरकमी पैसे न्यायचा आणि त्यात कोणत्या चॅनेलचे किती हे त्यालाही सांगता यायचं नाही. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या नियमाने चॅनेलगणिक किंमत डोळ्यासमोर आली. अमेरिकेत गठ्ठाच घ्यावा लागतो, आणि त्या गठ्ठ्यात कुस्तीवाल्यांची दिवाळी झाली.

आता थोडा गुंता. १९९२ च्या कायद्याने फुकटच्या केंद्रांनाही सांगितलं की केबल कंपनी तुमचं चॅनेल आपल्या तारेतून दाखवत असेल तर तिच्याकडे पैसे मागा. सुरुवातीला फारसं कुणी देत नव्हतं, पुढे ही रक्कम बरीच वाढली. म्हणजे आज फॉक्सलाही दुसरा नळ आहे. मग फरक उरला कुठे?

नडीत. वाटाघाटीच्या टेबलावर केबल कंपनी एकच प्रश्न विचारते: तुझं चॅनेल मी गठ्ठ्यातून काढून टाकलं तर किती गिऱ्हाइकं बोंब मारतील? फॉक्सकडे अमेरिकन फुटबॉल आहे. फॉक्स काढलं तर रविवारी दंगा होईल. त्यात कुस्ती असली-नसली तरी उत्तर बदलत नाही. यूएसए नेटवर्कवर मात्र जुन्या मालिकांची पारायणं बरीच. कुस्ती गेली तर ते चॅनेल मागणारा आवाजच बारीक होतो. शिवाय कुस्तीला हंगाम नसतो. फुटबॉल फेब्रुवारीत संपतो, बेसबॉल ऑक्टोबरच्या आसपास. कुस्ती बावन्न आठवडे, दिवाळी-नाताळ धरून. ताजा, त्याच रात्री बघावासा वाटणारा मजकूर वर्षभर पुरवणारा दुसरा पुरवठादार टीव्हीच्या बाजारात सापडणं अवघड. अडला हरी कुणाचे पाय धरतो ते आपल्याला माहीत आहे. कुस्तीला चांगला भाव मिळतो तो अशा अडलेल्या हरीकडून.

पूर्वी टीव्ही म्हणजे नुसता भोंगा होता

हे कायम असं नव्हतं. १९४० च्या दशकाच्या शेवटी टीव्ही नवा होता आणि कुस्ती दाखवणं सगळ्यात स्वस्त: एक रिंग, दोन माणसं, वरून दिवा आणि इनमिन दोन-तीन कॅमेरे. खेळाडू कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर पळत नाहीत, हा मोठाच फायदा. ड्युमाँट नावाचं एक नेटवर्क शिकागोच्या मॅरिगोल्ड अरीनामधून कुस्ती देशभर दाखवायचं. सोनेरी कुरळ्या केसांचा ‘गॉर्जस जॉर्ज’ सेवकाकडून रिंगमध्ये अत्तर फवारून घ्यायचा आणि लोक चिडून, हसून टीव्हीच्या दुकानाबाहेर गर्दी करायचे. पन्नासच्या दशकात नेटवर्कांकडे चांगले कार्यक्रम आले, त्यांनी कुस्तीला दार दाखवलं आणि खुद्द ड्युमाँटही बंद पडलं.

पुढची पंचवीस-तीस वर्षं कुस्ती गावोगावच्या केंद्रांवर जगली. प्रत्येक इलाख्याचा प्रमोटर वेगळा आणि शनिवारचा त्याचा कार्यक्रम म्हणजे भोंगा लावलेली रिक्षा: आज रात्री, आपल्या गावात, या या! टेनेसीमधल्या मेम्फिसला शनिवारी सकाळी डब्ल्यूएमसी या केंद्राच्या स्टुडिओत थेट कार्यक्रम व्हायचा, तिथे जेरी लॉलर हा मल्ल कुणाशी तरी भांडण उकरून काढायचा आणि ते भांडण मिटवायला सोमवारी रात्री मिड-साउथ कोलिझियमचं तिकीट काढावं लागायचं. पैसा त्या तिकिटांत होता. टीव्हीवर काय मिळतं यापेक्षा टीव्हीमुळे खिडकीवर किती रांग लागते, हा हिशेब.

हा हिशेब मोडला टेड टर्नर या अटलांटाच्या माणसाने. त्याच्याकडे चॅनेल १७ नावाचं एक फाटकं स्थानिक केंद्र होतं. जुने सिनेमे, बेसबॉल आणि कुस्ती यांवर ते तग धरून होतं. १७ डिसेंबर १९७६ ला त्याने ते उपग्रहावर चढवलं. आता अटलांटाच्या मनोऱ्यावरून ते फुकट दिसत होतं आणि बाकी देशात केबलच्या तारेतून. म्हणजे ॲन्टेना आणि केबल दोन्ही. असल्या केंद्राला ‘सुपरस्टेशन’ म्हणू लागले. पुढे त्याचं नाव टीबीएस झालं. जॉर्जियातली कुस्ती मेम्फिसमध्ये दिसू लागली, ओरेगॉनमध्येही. प्रमोटरांनी आपापसांत आखलेल्या हद्दी आभाळातून कुणीतरी पुसून टाकाव्यात तसं झालं.

ही गोष्ट सगळ्यात आधी ओळखली विन्स मॅकमॅहनने. १९८२ मध्ये त्याने बापाकडून न्यूयॉर्कची कंपनी, म्हणजे आजची डब्ल्यूडब्ल्यूई, विकत घेतली आणि १९८३ मध्ये यूएसए नेटवर्कवर शिरकाव केला. मग टर्नरच्या चॅनेलवरच्या कुस्ती कंपनीचे शेअर गुपचूप विकत घेऊन १४ जुलै १९८४ ला तो त्याच शनिवारच्या वेळेला पडद्यावर हजर. दक्षिणेतल्या प्रेक्षकांनी आपल्या ओळखीचे मल्ल लावण्यासाठी टीव्ही सुरू केला तर समोर न्यूयॉर्कची वरात. तक्रारींची पत्रं आणि फोन यांचा पाऊस पडला. कुस्तीच्या गोतावळ्यात तो दिवस ‘ब्लॅक सॅटर्डे’ म्हणून ओळखला जातो. पुढच्याच वर्षी मॅकमॅहनने ती वेळ जिम क्रॉकेट या प्रतिस्पर्ध्याला दहा लाख डॉलरला विकून टाकली. गंमत पाहा: विकलं ते काय? एका चॅनेलवरचे आठवड्याचे दोन तास.

मॅकमॅहनला ॲन्टेनाचाही मोह होताच. मे १९८५ पासून एनबीसीवर अधूनमधून शनिवारी उशिरा रात्री त्याचा खास कार्यक्रम लागू लागला. तेव्हा निम्म्याहून कमी अमेरिकन घरांत केबल होती, त्यामुळे हल्क होगन हे नाव घराघरांत पोचवायचं तर फुकटच्या चॅनेलला पर्याय नव्हता. याचं टोक ५ फेब्रुवारी १९८८ ला गाठलं. त्या शुक्रवारी एनबीसीवर ऐन भराच्या वेळी होगन आणि आंद्रे द जायंट यांची जोड लागली. पंच जुळ्या भावांपैकी एक. दुसरा भाऊ ऐन वेळी बाहेर येतो आणि मग खरा कोण, विकला गेलेला कोण, याचा घोळ. इतकी सरळसरळ जत्रेतली युक्ती ३ कोटी ३० लाख लोकांनी पाहिली. अमेरिकेत टीव्हीवर कुस्तीला तेवढे प्रेक्षक पुन्हा कधी मिळाले नाहीत. पण १९९१ पर्यंत एनबीसीला कंटाळा आला आणि दुकान बंद. फुकटच्या घराचा हा स्वभाव आहे: पाहुणा म्हणून थाट मोठा, मुक्काम मात्र यजमानाच्या मर्जीवर.

घर गेलं की कंपनी गेली

नव्वदचं दशक केबलचं. ११ जानेवारी १९९३ ला यूएसए नेटवर्कवर ‘मंडे नाइट रॉ’ सुरू झाला. ४ सप्टेंबर १९९५ ला टर्नरने आपल्या टीएनटी या केबल चॅनेलवर त्याच सोमवारी, त्याच वेळेला ‘नायट्रो’ उभा केला. क्रॉकेटची कंपनी टर्नरने १९८८ मध्येच विकत घेतली होती, तिचं नाव आता डब्ल्यूसीडब्ल्यू. कुस्तीही आपली, चॅनेलही आपलं. सलग ८३ आठवडे ‘नायट्रो’ने ‘रॉ’ला मागे टाकलं.

स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्याला भाड्याची काळजी नसते. अडचण येते ती घरच विकलं गेल्यावर. टर्नरची कंपनी आधी टाइम वॉर्नरमध्ये गेली आणि मग एओएलमध्ये मिसळली. मार्च २००१ मध्ये जेमी केलनर या नव्या अधिकाऱ्याने टीबीएस आणि टीएनटी या दोन्ही चॅनेलांवरून कुस्ती काढून टाकायचं ठरवलं. डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घ्यायला एक गट तयार होता, बोलणी जवळजवळ पूर्ण झाली होती. टीव्हीवरची वेळ मिळणार नाही म्हटल्यावर त्यांनी हात आखडता घेतला. मल्ल होते, रिंग होती, वर्षानुवर्षांच्या टेपांचा खजिना होता; नव्हती फक्त सोमवारची आणि बुधवारची वेळ. मॅकमॅहनने ती कंपनी कवडीमोलाने उचलली.

त्याच सुमारास ईसीडब्ल्यू ही छोटी, रक्ताळलेली कंपनीही संपली. १९९९ मध्ये टीएनएन या केबल चॅनेलने तिला जागा दिली होती. वर्षभरात त्याच चॅनेलला ‘रॉ’ मिळाला आणि ईसीडब्ल्यूचं सामान रस्त्यावर आलं. चॅनेलने आधी स्वस्तातली कुस्ती लावून कुस्ती चालते का ते पाहिलं आणि मग महागातली आणली. धंदा म्हणून बिनचूक. माणूस म्हणून मला ते अजून खुपतं.

विंचवाचं बिऱ्हाड

आता पुन्हा ‘स्मॅकडाउन’कडे. १९९९ च्या ऑगस्टमध्ये हा कार्यक्रम नियमित सुरू झाला यूपीएनवर. यूपीएन हे फुकटचं नेटवर्क, पण चार मोठ्यांच्या पंक्तीत न बसलेलं आणि तेव्हा गटांगळ्या खाणारं. अडलेला हरी, पुन्हा एकदा. गुरुवारी एनबीसीवर ‘फ्रेंड्स’ असायची. तिला न घाबरता तरुण मुलांना ओढून आणील असं काहीतरी यूपीएनला हवं होतं. ते कुस्तीने आणलं.

२००६ मध्ये यूपीएन आणि डब्ल्यूबी ही दोन अशक्त नेटवर्कं एक होऊन सीडब्ल्यू झालं. कुस्ती तिकडे गेली. पण सीडब्ल्यूला तरुण मुलींच्या मालिका दाखवायच्या होत्या, त्यात घामट बाप्ये कुठे बसणार? दोन वर्षांत मुक्काम हलला मायनेटवर्कटीव्हीवर. सीडब्ल्यूच्या गाडीत जागा न मिळालेल्या केंद्रांची मोट बांधून हे नेटवर्क उभं केलं होतं. तिथे ‘स्मॅकडाउन’ हा सगळ्यात जास्त पाहिला जाणारा कार्यक्रम ठरला, म्हणजे वासरात लंगडी गाय. २०१० मध्ये पहिल्यांदा केबलवर: सायफाय. हो, अंतराळयानं आणि राक्षस दाखवणारं चॅनेल. अंडरटेकर तिथे शोभला, हे कबूल करावं लागेल. २०१६ मध्ये यूएसए नेटवर्क. २०१९ मध्ये फॉक्स. २०२४ मध्ये पुन्हा यूएसए.

फॉक्सने २०१९ मध्ये एवढे पैसे का मोजले? कारण त्याच वर्षी फॉक्सच्या मालकांनी सिनेमे आणि मालिका बनवणारा मोठा कारभार डिस्नेला विकला. हातात राहिलं ते बातम्या आणि थेट खेळ. शुक्रवारी रात्री लावायला काहीतरी थेट हवं होतं. तेवढ्यापुरता फॉक्सही हरीच. पण तेव्हाही केबलवर राहिलेल्या ‘रॉ’ला यूएसए नेटवर्कने वर्षाला साडेसव्वीस कोटी डॉलर देऊ केल्याचं छापून आलं होतं, म्हणजे फॉक्सपेक्षा जास्त. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की तेव्हा ‘रॉ’ तीन तासांचा होता आणि ‘स्मॅकडाउन’ दोन तासांचा. ताशी भाव काढला तर फॉक्सने थोडा अधिक दिला. एकूण पाकीट मात्र केबलचं जाड.

फॉक्सच्या काळात नकळत एक प्रयोगही होऊन गेला. ४ ऑक्टोबर २०१९ च्या पहिल्या भागाला जवळजवळ ३९ लाख प्रेक्षक मिळाले. तीन आठवड्यांनी बेसबॉलच्या अंतिम मालिकेसाठी फॉक्सला शुक्रवार मोकळा हवा होता, म्हणून ‘स्मॅकडाउन’ एका रात्रीपुरता एफएस१ या त्यांच्याच केबल चॅनेलवर टाकला. आकडा नऊ लाखांच्या आत. वार तोच, वेळ तीच, मल्ल तेच. आणि एफएस१ काही दुर्मिळ नव्हतं. केबलवाल्या बहुतेक घरांत ते येत होतं. म्हणजे चॅनेल घरात पोचणं ही अर्धीच गोष्ट. हात सवयीने रिमोटच्या ज्या बटणावर जातो, तिथे तुम्ही असावं लागता.

आकड्यांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. जुन्या चर्चांत ‘अमुक भागाला इतकं रेटिंग’ असं वाचाल तेव्हा टक्केवारी कशाची ते विचारा. फुकटच्या चॅनेलचं रेटिंग म्हणजे देशातल्या सगळ्या टीव्ही घरांपैकी किती टक्के. केबलचं रेटिंग पुष्कळदा फक्त ते चॅनेल येणाऱ्या घरांमधलं सांगितलं जायचं. दहा कोटी घरांतले पाच टक्के आणि सात कोटी घरांतले पाच टक्के यांत पंधरा लाख घरांचा फरक. ‘रॉ’ मोठा की एनबीसीवरचा तो १९८८ चा शुक्रवार मोठा, यावर लोक तासन्‌तास भांडतात ते बहुधा वेगवेगळे छेद धरून.

मग आता?

२०२४ मध्ये ‘स्मॅकडाउन’ यूएसए नेटवर्कवर परतला, आणि नोव्हेंबरमध्ये मालक कॉमकास्टने जाहीर केलं की यूएसएसह आपली बहुतेक केबल चॅनेलं वेगळ्या कंपनीत काढणार. भाडेकरूने भांडी लावली नाहीत तोच घरमालकाने वाटणीची भाषा काढली. केबल सोडणाऱ्यांची संख्या पाहता नवल नाही. घरटी पैशाचा नळ अजून वाहतो आहे, धार दरवर्षी बारीक होते आहे. ‘स्मॅकडाउन’च्या त्या करारात एनबीसीवर वर्षाला काही खास कार्यक्रम करायचंही ठरलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये १९८५ चा तो शनिवारचा कार्यक्रम त्याच नावाने एनबीसीवर परतला. पाहुणा पुन्हा पाहुणा म्हणून.

उलट्या दिशेचा प्रवास एकानेच केला. नव्या मल्लांना तयार करणारा ‘एनएक्सटी’ हा कार्यक्रम १ ऑक्टोबर २०२४ पासून केबल सोडून फुकटच्या सीडब्ल्यूवर आला. मुलींच्या मालिकांपायी कुस्तीला निरोप देणारं हेच ते सीडब्ल्यू. मधल्या काळात २०२२ मध्ये त्याची मालकी नेक्स्टार या गावोगावची टीव्ही केंद्रं बाळगणाऱ्या कंपनीकडे गेली आणि तिने मालिकांवरचा खर्च कापून खेळांकडे मोर्चा वळवला. गरज बदलली की नाकं मुरडणं थांबतं. प्रतिस्पर्धी कुस्ती कंपनी एईडब्ल्यूचा बुधवारचा कार्यक्रम जानेवारी २०२२ पासून टीबीएसवर आहे, म्हणजे टर्नरच्या त्या जुन्या चॅनेल १७ च्या वारसावर.

आणि ‘रॉ’ने दोन्ही घरं सोडली. ६ जानेवारी २०२५ पासून तो नेटफ्लिक्सवर आहे, दहा वर्षांसाठी, पाचशे कोटी डॉलरहून अधिक रकमेला. तिथे ॲन्टेना नाही, केबलवाला नाही, बेसबॉलसाठी कार्यक्रम ढकलणारा संत्र्याचा व्यापारी नाही आणि एफसीसीही नाही. पण नेटफ्लिक्सने तो घेतला त्यामागचं कारण ओळखीचं आहे: लोकांनी महिन्याची वर्गणी बंद करू नये म्हणून दर आठवड्याला काहीतरी ताजं हवं.

आपल्याकडे सोनीचा करार संपल्यावर एप्रिल २०२५ पासून ‘रॉ’, ‘स्मॅकडाउन’ आणि ‘एनएक्सटी’ तिन्ही नेटफ्लिक्सवर आले. सांगलीतल्या एखाद्या पोराला आता एका ॲपमध्ये सगळं मिळतं. शिकागोतल्या त्याच्या चुलतभावाला सोमवारसाठी नेटफ्लिक्स, शुक्रवारसाठी केबल, सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या सोहळ्यांसाठी ईएसपीएन, आणि मंगळवारच्या ‘एनएक्सटी’साठी खिडकीत ठेवायला एक ॲन्टेना. दर आठवड्याला फुकटात दिसतात ते फक्त शिकाऊ.